सात बॉम्ब ठेवणारे आहेत कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नक्षलवादी कारवाया रोखण्यासाठी म्हणून राज्याने आणलेल्या जनसुरक्षा कायद्यावरून आपल्या पत्रव्यवहारात चाललेली चर्चा रोज वाचतो. कायद्याची बाजू घेणाऱ्या बहुतेकांचा सूर एकच : कर नाही त्याला डर कशाला? देशाची सुरक्षा आधी, हक्कबिक्क मागाहून बघू. या मंडळींना मुंबईतल्याच एका खटल्याची आठवण करून द्यावीशी वाटते. त्यात हक्क तर गेलेच, पण सुरक्षाही पदरात पडली नाही.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये फर्स्ट क्लासच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली, आठशेच्या वर जखमी झाली. मी तेव्हा याच मार्गावरचा रोजचा प्रवासी. आमच्या गाडीच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांचा डावा कान त्या दिवसापासून कायमचा गेला. तेव्हा हे पत्र दहशतवाद्यांचा पुळका आलेल्या कोणीतरी लिहिले आहे, असे कृपया समजू नये.

तपास एटीएसकडे, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाकडे गेला आणि मोक्का, म्हणजे राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लागला. साध्या फौजदारी कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून धरत नाहीत. मोक्कात अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला असेल तर धरतात. खास कायद्याची खास सोय म्हणतात ती हीच. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले.

'तांत्रिक मुद्द्यावर सुटले' असे सर्रास म्हटले जाते. म्हणणाऱ्यांनी तो निकाल जरूर चाळावा. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतला मजकूर जागोजागी एकसारखा. ते मारहाण करून घेतल्याच्या तक्रारीला वैद्यकीय कागदपत्रांचा आधार. आरोपींना चर्चगेटला सोडल्याचे सांगणाऱ्या टॅक्सीचालकांना त्यांचे चेहरे आठवले ते शंभराहून अधिक दिवसांनी. दिवसभरात किती भाडी होतात, हे टॅक्सीवाल्यालाच विचारा. ओळखपरेड घेतली ती ज्याला तो अधिकारच उरला नव्हता अशा अधिकाऱ्याने. जप्त केलेल्या स्फोटकांची सीले धड नाहीत. कहर म्हणजे स्फोटात नेमका कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला, हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. हे सगळे तांत्रिक असेल, तर तपास म्हणजे आणखी काय असतो?

बारा जणांपैकी एक २०२१ मध्ये कैदेतच वारला. बाकीच्यांची उमेदीची एकोणीस वर्षे गजांआड गेली. त्यांना डर कशाला वाटायला हवी होती, हे 'कर नाही'वाल्यांनी सांगावे.

पण मला आज बोलायचे आहे ते त्यांच्याबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त. हे बारा जण नव्हेत, तर मग सात गाड्यांत बॉम्ब ठेवले कोणी? २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने पकडलेल्या इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेच्या एका संशयिताने हे स्फोट आपल्या लोकांनी केल्याचे सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. ते खरे की खोटे, मला ठाऊक नाही. पण एकाच शहराच्या पोलिसांत दोन कथा फिरत होत्या आणि आरोपी तर आधीच आत होते. कबुलीजबाब हाताशी असला की कोणता तपास अधिकारी पुन्हा पायपीट करील? माग काढायचा काळ तेव्हाच निघून गेला.

मालेगावातही हेच घडले. सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत नऊ जणांना धरले. पुढे एनआयएने (केंद्राच्या राष्ट्रीय तपास संस्थेने) वेगळ्याच लोकांवर आरोप ठेवले आणि २०१६ मध्ये आधी धरलेले आरोपमुक्त झाले. मालेगावच्या २००८ च्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला सुटले, रेल्वे स्फोटांच्या निकालानंतर अवघ्या दहा दिवसांनी. त्या दहा दिवसांत आपल्याकडे अनेकांची न्यायालयाबद्दलची मते अशी उलटीपालटी झाली की बघत राहावे. रेल्वे स्फोटांच्या निकालाविरुद्ध राज्य सरकार दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या दारात होते. मालेगावच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले ते मृतांचे नातेवाईक.

याच्या उलट २६/११ च्या मुंबई हल्ल्यात पकडलेल्या कसाबचा खटला घ्या. त्याला वकील कशाला, म्हणून केवढा गदारोळ झाला होता! पण वकील दिला, साक्षी-पुरावे झाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत निकाल टिकला आणि हल्ल्याला चार वर्षे होण्याआधी, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी, येरवड्यात फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटलेही. नियम पाळल्याने त्या खटल्याचे काय बिघडले?

आता जनसुरक्षा कायदा. विधानसभेने तो १० जुलै २०२५ ला मंजूर केला. गडचिरोलीत जवान मारले जातात, नक्षलवाद ही कल्पित गोष्ट नाही, हे मान्य. पण 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला लोकांना उत्तेजन देणेही बसते. या हिशेबाने १९३० ला शिरोड्यात मीठ उचलणारे सगळे आत गेले असते (तेव्हाही गेलेच म्हणा, पण ते इंग्रजांचे राज्य होते). व्याख्या एवढी सैल असली की पोलिसांना सोपे सावज आणि अवघड सावज यांत निवड करता येते, आणि माणूस सोप्याकडेच वळतो.

माझ्या मागण्या फार नाहीत. कबुलीजबाबाच्या वेळी वकील हजर हवा आणि पूर्ण चित्रीकरण हवे. खास कायद्याला मुदत हवी. टाडासारख्या बदनाम दहशतवादविरोधी कायद्यालाही ती होती, म्हणून तर तो १९९५ मध्ये संपला. मोक्काला ती नाही. आणि चुकीच्या खटल्यात वर्षे गेलेल्यांना भरपाई मिळावी, यासाठी विधी आयोगाने २०१८ मध्ये दिलेला अहवाल कोणीतरी फडताळातून काढावा.

येत्या अधिवेशनात आमच्या भागातल्या आमदारांनी गृहखात्याला एवढेच विचारावे : उच्च न्यायालयाच्या निकालानंतर ११ जुलैच्या स्फोटांचा नव्याने तपास कोणाकडे दिला आहे का? दिला असेल तर कोणत्या अधिकाऱ्याकडे, आणि नसेल तर का नाही?

आपला,
पश्चिम रेल्वेचा एक जुना प्रवासी,
भाईंदर