माशांच्या टाकीची पेटी बंद पडली तर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळी आटोपली, माळ्यावरचे कूलर खाली उतरू लागले आणि दरवर्षीप्रमाणे याच सुमारास वस्तीतील अभियांत्रिकीची मुले-मुली आपापल्या माशांच्या टाक्यांसाठी स्वतः जुळवलेल्या ‘कंट्रोलर’च्या पेट्या मला दाखवायला येऊ लागली. आयटीआयमध्ये तारतंत्री विषयाचा निदेशक म्हणून नोकरी झाल्यामुळे अशी पेटी उघडून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. दिवा सकाळी हळूहळू उजळतो, रात्री तसाच मावळतो, पाण्याचे तापमान मोबाइलवर दिसते. हे सारे कौतुकास्पद आहे. मात्र पेटी चालू असताना काय करते हे प्रत्येकाला सांगता येते, आणि ती बंद पडली किंवा बिघडली तर टाकीत काय होईल, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. त्या एका प्रश्नासाठी हा पत्रप्रपंच.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी दोन फूट लांब आणि फूटभर रुंद, म्हणजे साधारण ५५ लिटरच्या टाकीसाठी मी १०० वॅटचा हीटर रिलेवर (पेटीच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या विजेच्या खटक्यावर) घेतला आणि पाणी २६ अंशांखाली गेले की हीटर सुरू, २६ झाले की बंद, असा सरळ हिशेब प्रोग्रॅममध्ये लिहिला. डीएस १८बी२० हा तापमानाचा सेन्सर अंशाच्या सोळाव्या भागापर्यंतचा फरक दाखवतो, त्यामुळे २६ च्या काठावर रिले मिनिटातून तीन-चारदा टकटक करू लागला. तो आवाज मला महिनाभर गोडही वाटत होता! निळ्या डबीतल्या या स्वस्त रिलेचे आयुष्य भाराखाली साधारण १ लाख उघडझापांचे असते आणि मिनिटाला चारच्या वेगाने ते अडीच आठवड्यांत संपते, हे गणित मी केले नाही. जानेवारीतल्या एका रात्री त्याचे संपर्क एकमेकांना चिकटून बसले. हीटरच्या अंगचा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणारा खटका) होता, पण ‘आता पेटी आहे ना’ म्हणून तो मीच शेवटच्या खुणेवर, ३४ वर, फिरवून ठेवला होता. सकाळी काच हाताला कोमट लागली. गप्पी कसेबसे तगले, निऑन टेट्रा मात्र एकही उरला नाही.

सुरू होण्याच्या आणि बंद होण्याच्या आकड्यांत निदान अर्ध्या अंशाचे अंतर ठेवले असते आणि हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २८ वर राखणीला बसवला असता, तर रिले चिकटूनही काही बिघडले नसते. याच सेन्सरची आणखी एक खोड आहे. त्याची तार निसटली की सेन्सर वाचणारी प्रचलित लायब्ररी (तयार कोड) प्रोग्रॅमला उणे १२७ अंश असा आकडा देते, आणि सेन्सर नुकताच सुरू झाला असेल तर ८५. भोळा प्रोग्रॅम उणे १२७ वाचून थंडी पडली असे समजतो आणि हीटर लावून ठेवतो. म्हणून १० च्या खालचा आणि ४५ च्या वरचा कोणताही आकडा आला की हीटर बंद करून भोंगा वाजवावा, एवढ्या दोन ओळी प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असल्याच पाहिजेत.

खरे तर आपल्या नागपुरात हीटरची गरज डिसेंबर-जानेवारीपुरतीच. खरी परीक्षा मे महिन्यात, नवतपात (कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) असते. पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो (२५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर ३३ अंशांना ७ च्या आसपास) आणि नेमक्या त्याच वेळी माशाची प्राणवायूची भूक वाढते. त्यामुळे येथे पेटीचे पहिले काम हवेचा पंप जपणे हे असले पाहिजे. तो रिलेच्या ‘एनसी’ (रिलेला वीज नसताना जोडलेल्या) टोकावर जोडावा, म्हणजे पेटी मेली तरी पंप चालूच राहतो. हीटर मात्र ‘एनओ’ (रिलेला वीज नसताना तुटलेल्या) टोकावर, म्हणजे पेटी मेली की तोही बंद. पंप टाकीच्या खाली ठेवलेला असेल तर वीज जाताच नळीतून पाणी उलटे उतरते, म्हणून नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) हवाच. पाणी गार करायला मात्र चिलर लागत नाही. संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा पृष्ठभागावर तिरपा सोडला तरी कोरड्या वैशाखात तो कूलरचेच काम करतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता जाते, तेवढीच ५५ लिटर पाण्यातून काढली तर ते सुमारे १० अंशांनी उतरेल. खोलीची उष्णता परत आत शिरत असल्याने प्रत्यक्षात दोन-तीन अंश मिळतात, पण तेवढ्यात मासे तरतात. पावसाळ्यात हा उपाय कूलरइतकाच निकामी ठरतो, हे वेगळे सांगायला नको.

दिव्यांविषयी फार लिहीत नाही. दिवसाला आठ तास उजेड पुरे, त्यापुढे शेवाळ वाढते. आयआरएफ ५४० हा मॉस्फेट (दिवा कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक खटका) सहज मिळतो म्हणून सर्रास वापरला जातो, पण तो पूर्ण उघडायला गेटवर, म्हणजे इशारा घेणाऱ्या टोकावर, १० व्होल्ट लागतात. ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलरच्या (पेटीतल्या छोट्या संगणकाच्या) ३.३ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. दिवा मंद का म्हणून विचारत आलेल्या निम्म्या मुलांचे उत्तर एवढेच असते.

माशांपेक्षा माणसाची काळजी मला अधिक आहे. कूलरमध्ये पाणी भरताना धक्का लागून जीव गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात छापता. माशांची टाकी हा त्याच जातीचा धोका आहे: पाण्यात बुडालेला २३० व्होल्टचा पंप आणि त्या पाण्यात घातलेला हात. वितरण पेटीतल्या एमसीबीला (जादा भार आला की वीज तोडणाऱ्या खटक्याला) ३० मिलिअँपिअरची गळती कळत नाही, माणसाला मारायला मात्र ती पुरेशी ठरू शकते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा खटका), खरे अर्थिंग, आणि प्लगकडे जाणाऱ्या प्रत्येक तारेला सॉकेटच्या खालपर्यंत झोळ, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. एवढी सिद्धता झाल्यावरच मायक्रोकंट्रोलर विकत घ्यावा. जाळीचा उघडा एसएमपीएस (पेटीला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय) टाकीच्या झाकणावर ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो बंद डब्यात, टाकीपासून दूर भिंतीवर असावा.

गेल्या रविवारी दोन मुली पेटी घेऊन आल्या, तेव्हा आम्ही ती टाकीऐवजी पाणी भरलेल्या बादलीवर लावली. हीटर, पंखा आणि पंप यांच्या जागी तीन दिवे जोडले. आधी सेन्सरची तार उपटली, मग पेटीची वीज काढली, मग पुन्हा दिली. तार उपटताच हीटरचा दिवा लागला आणि तसाच राहिला. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि लॅपटॉप उघडला.

आपला,
एक निवृत्त निदेशक,
प्रतापनगर, नागपूर