घरात पाळलेल्या धर्मालाही नोटीस

महोदय,

कालच्या अंकातला धर्मस्वातंत्र्यावरचा लेख वाचला. ‘ज्याने त्याने आपला धर्म आपल्या घरात पाळावा, म्हणजे वाद उरणार नाहीत’ हे लेखकाचे म्हणणे काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. आमच्या सोसायटीत घरात पाळलेल्या धर्मालाच नोटीस गेली होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. मराठी ख्रिस्ती, मूळच्या नगरकडच्या. यजमान गेल्यावर महिन्याने त्यांनी घरी प्रार्थना ठेवली. पाळकसाहेब आले, नात्यातली पंधरा-वीस माणसे आली. एक पेटी होती, माईक नव्हता. अभंगाच्या चालीवरची मराठी गीते. माझ्या स्वयंपाकघरात शब्द न् शब्द कळत होता. साडेआठला सगळे आटोपले. जिन्यापर्यंत चपला आल्या होत्या, एवढाच काय तो त्रास. तरी रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी ‘धर्मांतर चालू आहे का?’ असे टाकले, आणि दोन दिवसांत ‘इमारतीत धार्मिक कार्यक्रमासाठी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी’ अशी नोटीस एकट्या त्यांच्या हातात पडली. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना, सत्यनारायणाला, पारायणाला आमच्याकडे कधी कोणाला अर्ज करावा लागलेला नाही. लागूही नये.

नोटिशीवर तीन सह्या होत्या. त्यातली एक माझी. मी तेव्हा खजिनदार होते. वाद नको म्हणून केली. बाईंनी नोटीस वाचली, ‘बरं’ म्हणाल्या आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली. त्या डिसेंबरात त्यांच्या गॅलरीत चांदणी लागली नाही. त्यानंतरही नाही.

राज्यघटनेच्या २५व्या कलमात धर्म आचरण्याबरोबर तो मुक्तपणे प्रकट करण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. मर्यादा आहेत त्या सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या. शेजाऱ्यांना रुचत नाही, ही मर्यादा त्यात कुठेही नाही. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला १७९२ मध्ये जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी, आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी. कोथरूडच्या एका टू बीएचकेत आम्हाला तासाभराची प्रार्थना सोसली नाही, याची मला शरम वाटते. आणि हा हक्क फक्त इतर धर्मीयांच्या कामाचा, असे ज्यांना वाटते त्यांनी पर्वती आठवावी. तिथल्या देवळात जाता यावे म्हणून १९२९ मध्ये याच पुण्यात दलितांना सत्याग्रह करावा लागला होता.

आणखी एक. गेल्या वेळी माझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी आपण कापल्या. फ्लॅटच्या जाहिरातींपुढे वाचकांच्या पत्रांना आता जेमतेम पाव पान उरते, हे दिसतेच आहे. हे पत्रही कापावे लागले तर पेशव्यांचे वाक्य काढा, कलमाचे काढा. माझ्या सहीचे मात्र राहू द्या.

– एक वाचक, कोथरूड, पुणे