दोन वायरी जोडल्या की झालं, असं नसतं हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या गाड्यांवरचा लेख इकडे ओहायोत बसून मोबाईलवर वाचला, मस्त होता, पण त्यात एका चौकटीत लिहिलंय की पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) काढा, त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवा, लाल वायर कॉइलच्या (स्पार्क प्लगसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या) प्लसला, काळी मायनसला, अर्ध्या तासात काम फत्ते. ते वाचून राहवेना. कारण माझ्याकडे १९६६ चा फोर्ड एफ-१०० पिकअप आहे, सहा सिलेंडरचा, आणि मी अगदी हेच करून दोनदा तोंडावर आपटलोय.

पहिल्यांदा किट बसवलं, सेल्फ मारला की इंजिन लगेच पकडायचं आणि चावी सोडली की फट्कन बंद. कार्बोरेटर खोलला, पेट्रोल बघितलं, दोन शनिवार गेले. शेवटी मीटर लावला तर चावी ऑन असताना कॉइलच्या प्लसला जेमतेम सात व्होल्ट. त्या काळच्या फोर्डमध्ये इग्निशन स्विचपासून कॉइलकडे जाणारी गुलाबी वायर साधी वायर नसतेच, ती रेझिस्टन्स वायर असते, साधारण दीड ओहमची, पॉइंट जळू नयेत म्हणून मुद्दाम घातलेली. सेल्फ मारताना स्टार्टर रिलेवरून (रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) वेगळ्या वायरने बॅटरीचा करंट थेट मिळतो म्हणून तेवढ्यापुरतं इंजिन पकडतं. पॉइंटला सात व्होल्ट चालतात, किटला नाही.

मग मी शहाण्याने बॅटरीपासून पूर्ण बारा व्होल्ट दिले पण कॉइल जुनीच ठेवली, तीही दीड ओहमची! बारा भागिले दीड म्हणजे आठ अँपिअर. त्यात एकदा इंडिकेटर का पेटत नाही ते बघत चावी ऑन ठेवून बसलो, इंजिन बंद, आणि मॉड्यूल (किटमधला इलेक्ट्रॉनिक भाग) गेलं. चूक सगळी माझी, किटच्या कागदावर इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका असं छापलेलं होतं.

आता कसं केलंय ते सांगतो. गुलाबी वायर उपटली नाही, ती आणि स्टार्टर रिलेची वायर दोन्ही एका साध्या चार पिनच्या रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला दिल्या, ८५ अर्थ, ३० ला बॅटरी पण मध्ये फ्यूज, आणि ८७ वरून कॉइलचा प्लस व किटची लाल वायर. रिले ओढून ओढून किती ओढणार, ०.१५ अँपिअर, तेवढ्याला त्या गुलाबी वायरीत पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. कॉइल नवी घेतली तीन ओहमची. टायमिंग लाइट लावून टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) परत सेट केलं, हे लोक हमखास विसरतात.

तिकडच्या पेट्रोल जीपवाल्यांनी आणि फियाटवाल्यांनीही आधी मीटर लावून बघावं, रेझिस्टर आहे का, कॉइल किती ओहमची. युद्धातल्या विलीज जीपा तर सहा व्होल्टच्या, आणि काही जुन्या इंग्लिश गाड्यांत प्लस अर्थिंग असतं (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला), तिथे बारा व्होल्ट मायनस अर्थिंगचं किट चालतच नाही.

जाता जाता एक गंमत. मिरजेला आमच्या काकांच्या गॅरेजात डिस्ट्रिब्यूटरला (पॉइंट ज्यात असतात आणि जो प्रत्येक प्लगला ठिणगी वाटतो त्याला) सगळे ‘डेल्को’च म्हणायचे, मला वाटायचं मराठीच शब्द असेल. मी राहतो त्या डेटन शहरातच १९०९ मध्ये चार्ल्स केटरिंगनी ती डेल्को कंपनी काढली, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, त्यातली आद्याक्षरं! बॅटरी, पॉइंट, कॉइल असलेलं इग्निशन त्यांचंच.

तर ती चौकट तेवढी दुरुस्त करून छापा. आणि जुने पॉइंट-कंडेन्सर फेकू नका असंही त्यात टाका, माझे डॅशबोर्डच्या खणात आहेत, स्क्रूड्रायव्हरसकट.

आपला,
एक वाचक, डेटन (मूळ गाव मिरज)