प्रिय वैशू, बाळ पायाळू आहे

प्रिय वैशू,

सप्रेम नमस्कार.

डोहाळजेवणासाठी तू पाठवलेल्या हिरव्या साडीची पोच मी अजून दिलेली नाही आणि त्यानंतर आलेले तुझे दोन फोनही मी घेतले नाहीत, याची टोचणी मला रोज लागून राहिली आहे. परवा मात्र असे काही समजले, की ते तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाजवळ बोलून माझे मन हलके होणार नाही. वैशू, माझे बाळ पायाळू आहे.

माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब व्यवस्थित आहे, हिमोग्लोबिन ११ आहे, संध्याकाळी पाय थोडे सुजतात, एवढेच. मागच्या आठवड्यात मी माहेरी आले. रजा २६ आठवड्यांची मिळते आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. मी मात्र ५ च आधी घेतले, म्हणजे उरलेले २१ बाळाजवळ काढता येतील. परवा ३६ आठवडे पूर्ण झाले म्हणून सांगलीला सोनोग्राफी केली, तेव्हा बाळ डोके वर आणि मांडी घातल्यासारखे पाय खाली घेऊन बसलेले दिसले. माझ्या उजव्या बरगडीखाली जे गोल, टणक लागते, ज्याला मी महिनाभर त्याचे कुल्ले समजून थोपटत होते, ते त्याचे डोके आहे. त्याला उचकी लागते तीसुद्धा बेंबीच्या वर जाणवते, आणि लाथा मात्र खाली, इतक्या खाली, की रात्री चार वेळा उठावे लागते.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगितले. सातव्या महिन्याच्या सुरुवातीला बरीच बाळे अशी असतात आणि पुढे आपली आपण फिरतात. दिवस भरेपर्यंत शंभरातली तीन-चारच तशी राहतात. प्रसूतीत डोके हा सर्वांत मोठा आणि कठीण भाग. ते आधी आले तर वाट मोकळी होते आणि मागचे अंग सहज येते. पाय किंवा कुल्ले आधी आले तर डोके शेवटी राहते, त्याला वाटेच्या मापाचे व्हायला वेळ मिळत नाही आणि तेवढ्यात नाळ दाबली जाण्याची भीती असते. २००० साली २६ देशांतील २,०८८ स्त्रियांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हापासून जगभर अशा बाळांसाठी बहुतेक ठिकाणी आधीच ठरवून सिझेरियन करतात, असे त्या म्हणाल्या.

मी ऐकत होते, पण डोळ्यांसमोर तुझ्या घरातील माजघर होते. १९९५ चा श्रावण, बाहेर धो धो पाऊस, सुईणीच्या हातून झालेला तुझा जन्म; पाय आले, धड आले आणि डोके अडले, ही गोष्ट काकूंनी आपल्याला शेवया वळता वळता कितीदा तरी सांगितली असेल. "तेव्हापासूनच ही अशी उलट्या डोक्याची," या त्यांच्या शेवटच्या वाक्यावर आपण दोघी पोट धरून हसायचो. त्या अडलेल्या काही क्षणांत काकूंच्या जिवाचे काय झाले असेल, हे तीस वर्षांची होईपर्यंत एकदाही माझ्या मनात आले नाही. परवा दवाखान्याच्या बाकावर बसून मला त्यांच्यासाठी रडू आले.

आता खरे सांगते. डॉक्टरीणबाईंनी सिझेरियनचे नाव काढले म्हणून मी घाबरले नाही. घरी आल्यावर आत्याने सहज विचारले, "पायाळू का गं?" आणि त्या एका शब्दाने माझ्या अंगावर काटा आला, कारण तो शब्द मी तुझ्यावर कसा फेकला होता, ते मला आठवले.

पाचवीच्या वार्षिक परीक्षेतील भूगोलाचा पेपर सुटल्यावर वळवाने आपल्याला माळावर गाठले होते. आपण पाचजणी धावत बेदाण्याच्या शेडमध्ये शिरलो. जाळ्यांवर अर्धी वाळलेली द्राक्षे पसरलेली होती, डिपिंग ऑइलचा तो तेलकट वास होता, आणि पत्र्यावर गारा अशा पडत होत्या, की एकमेकींचे बोलणेही ऐकू येत नव्हते. पहिली वीज कडाडली तेव्हा, "हिला बाहेर काढा, ही पायाळू आहे, हिच्यामुळे आपल्यावर पडेल," असे आधी मी ओरडले. दुसरे कोणी नाही, मी. तू काही न बोलता डबा छातीशी धरून बाहेर गेलीस आणि समोरच्या कडुलिंबाखाली उभी राहिलीस. तुझ्या एका वेणीची निळी रिबीन सुटून गळ्याला चिकटली होती. पाऊस थांबेपर्यंत तू आमच्याकडे एकदाही पाहिले नाहीस.

वीज कोणाचे जन्माचे पाय पाहून पडत नाही. मोकळ्या माळावरचे उंच झाड तिला आधी सापडते, हे आता शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे दामिनी ॲप दादाच्या फोनमध्ये आहे. आभाळ भरून आले की तो ते पाहतो आणि रानातील बायकांना झाडाखालून उठवून घरी पाठवतो. दर वेळी मला तो कडुलिंब दिसतो. त्या दिवशी माळावरील सर्वांत धोक्याची जागा मी तुला दिली होती. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तू पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि त्या गोष्टीचा आपण कधी उच्चार केला नाही. कंपासपेटीवरून आपण सहा महिने भांडलो, सहलीला कोणाच्या शेजारी बसायचे यावरून अबोला धरला, पण शेडचे नाव तू काढले नाहीस. वैशू, मी तुझी क्षमा मागते. एकोणीस वर्षे उशीर झाला आहे, पण आज ती मागितल्यावाचून माझ्या बाळासाठी काही मागण्याचा मला हक्क नाही असे वाटते.

घरात या विषयावर रोज सभा भरते. आजीचे म्हणणे असे, की पोटातून काढलेले मूल पायाळू नव्हेच, त्याचे पाय वाटेला लागले कुठे? आत्या म्हणते, डॉक्टरांच्या हाताला आधी पाय लागले तर ते पायाळूच धरायचे. काल दोघींनी यावरून जेवणे लांबवली, शेवटी दादाने निवाडा दिला, की बाळालाच मोठेपणी विचारू. सासूबाईंनी मात्र फोनवर, "बाहेर कोणाला सांगू नकोस, नाव चिकटते," एवढेच सांगितले, आणि त्यांच्या आवाजातील काळजी खरी होती. नाव चिकटते हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? चिकटवणाऱ्यांतली मीच एक होते.

पुढचा निर्णय सोमवारचा आहे. पोटावर बाहेरून हाताने दाब देऊन बाळाला हळूहळू फिरवण्याचा एक प्रयत्न करता येतो. आधी गर्भाशय सैल पडावे म्हणून इंजेक्शन देतात, बाळाच्या ठोक्यांचा आलेख आधी आणि नंतर काढतात, आणि दोनशेत एखादीला तातडीने सिझेरियन करावे लागते म्हणून शस्त्रक्रियेची तयारी जवळ ठेवतात. माझ्यासारख्या पहिलटकरणीत दहापैकी सुमारे चार वेळा बाळ फिरते. पाणी पुरेसे आहे आणि बाळ मांडी घालून बसलेले आहे, या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. अमोलला वाटते, की हा धोका न पत्करता सरळ ३९ व्या आठवड्याची तारीख घ्यावी. मला प्रयत्न करून पाहायचा आहे. परंतु रात्री जागी असताना मी स्वतःला विचारते, की बाळ सुखरूप यावे म्हणून मला ते फिरवायचे आहे, की त्याला तो शब्द लागू नये म्हणून? दोन्ही कारणे आहेत, आणि दुसऱ्या कारणाची मला तुझ्यासमोर लाज वाटते. म्हणून तुलाच विचारते: पायाळू म्हणून वाढताना तुला नेमके काय वाटले? वीज कडाडली की तुझी आजी तुला आतल्या खोलीत पाटावर बसवून ठेवायची तेव्हा, आणि पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणून उसण भरलेली माणसे तुझ्या अंगणात ओळीने पालथी पडायची तेव्हासुद्धा? त्या वेळी तुझ्या तोंडावर जो मान दिसायचा तो खरा होता का? मला बरे वाटावे म्हणून उत्तर देऊ नकोस.

इकडे तयारी चालू आहे. आईने आजीच्या जुन्या नऊवारींची बारा दुपटी शिवली आहेत. इतक्या वेळा धुतलेले ते सुती कापड गालाला लावले की सोडवत नाही. झबली, टोपरी, लंगोट उन्हात वाळवून पेटीत ठेवले आहेत, डिंक आणि हळीव आणून झाले आहेत. पाळणा मात्र बाळ येण्याआधी घरात आणायचा नाही, असे आईने बजावले आहे, आणि मीही वाद घातला नाही. गुटीवरून तिचे आणि माझे जमत नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचे नाही, हे मी तिला तीनदा सांगितले आहे, आणि ती तीनदा "बरं" म्हणून सहाण घासून ठेवते आहे. जन्मानंतर दीड महिन्याने बाळाच्या खुब्यांची सोनोग्राफी करायची आहे, कारण अशा बाळांचे खुबे कधी कधी सैल असतात. तुझे कोणी पाहिले होते का गं? पळण्याच्या शर्यतीत तू दरवर्षी पहिली यायचीस, म्हणजे ठीकच असणार.

तुझी बदली झाली का? काकूंचा गुडघा कसा आहे? घराचे हप्ते सुरू झाले, असे दादाकडून कळले. सविस्तर लिही.

सोमवारी सकाळी दहाला आम्हाला बोलावले आहे. काहीही झाले तरी दुपारपर्यंत अमोल तुला फोन करील. विदर्भातील शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुला येता येईल, असा मी हिशेब केला आहे. बाळ फिरो वा न फिरो, माझ्या आईनंतर त्याला तू हातात घ्यावेस अशी माझी इच्छा आहे. जमल्यास काकूंनाही आण. मला त्यांच्याजवळ बसायचे आहे. आणि आजीच्या कमरेत चार दिवसांपासून उसण भरली आहे. मलम, शेक सगळे झाले. "वैशू आल्याशिवाय जायची नाही," असे ती म्हणते आणि कोणाला पाठीला हात लावू देत नाही.

तुझी,
मृणाल