लाळेच्या अहवालावरून धावणे थांबवू नका

महोदय,

'खेळ रक्तातच असावा लागतो' हे वाक्य क्रीडाशिक्षक म्हणून मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. परंतु गेल्या महिन्यात एका पालकांनी नऊ वर्षांच्या मुलीच्या लाळेच्या तपासणीचा छापील अहवाल हाती देत, 'हिच्यात वेगाचे जनुक नाही, मग धावणे बंद करू का?' असे विचारले, तेव्हा मन विषण्ण झाले. मुलगी शेजारीच बुटाची नाडी बोटाला गुंडाळत उभी होती.

अहवालातील जनुक होते एसीटीएन-३, म्हणजे वेगवान हालचालींच्या स्नायूंतील एका प्रथिनाचे जनुक. त्याचे वेगाशी जोडले जाणारे रूप केनियातील बहुतांश लोकांत आढळते, तरीही तो देश ओळखला जातो लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी. उंची, हृदयाची क्षमता, सरावाला शरीराचा मिळणारा प्रतिसाद यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे मी मुळीच नाकारत नाही. मात्र तो असंख्य जनुकांत विखुरलेला असतो, म्हणूनच गुणवत्ता शोधण्यासाठी अशा चाचण्या वापरू नयेत, असे या विषयातील तज्ज्ञांनी २०१५ मध्ये संयुक्त निवेदनाद्वारे स्पष्ट केले.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे लष्करात गेल्यावर स्पर्धात्मक धावण्याकडे वळले आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीत) केनियाच्या विजेत्यापेक्षा अवघ्या ०.०५ सेकंदाने मागे राहत रौप्यपदक मिळवले. नवव्या वर्षी त्यांची लाळ तपासून हे कोणी सांगितले असते?

अल्पवयीन मुलांसाठीच्या अशा चाचण्यांच्या जाहिरातींवर शासनाने निर्बंध घालावेत, ही कळकळीची विनंती.

— एक क्रीडाशिक्षक, सातारा