मुलांच्या सुरक्षेचा आढावा शाळेच्या गेटवर थांबवू नका, चर्चलाही बोलवा

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

मी वसईची, कॅथलिक, आमच्या पॅरिशमधे, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चमधे, मुलांना धर्मशिक्षण शिकवते. ऑगस्ट २०२४ मधे बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि मग शाळाशाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीची समिती) यांची धावपळ सुरू झाली. हवीच होती. पण आमची मुलं फक्त शाळेत नसतात ना. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की धर्मशिक्षणाचे वर्ग, उपासनेत मदत करणारी वेदीसेवक मुलं फादरांसोबत, संध्याकाळी क्वायरची प्रॅक्टिस, मे महिन्यात मुक्कामी शिबिरं, आणि गरीब घरातली कितीतरी मुलं तर मिशनच्या बोर्डिंगमधेच वाढतात. तिथे कोण बघतंय?

म्हणून विनंती अशी की सगळ्या धर्मांच्या संस्थांमधल्या बालसुरक्षेचा राज्यभर आढावा घ्या आणि त्यात चर्चच्या लोकांना सामील व्हायचं रीतसर आमंत्रण द्या.

कायदा आहेच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो, २०१२ चा, त्यात धार्मिक संस्थेतल्या माणसाने केलेला अत्याचार जास्त गंभीर धरलाय. कलम १९ सांगतं की असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवायचं, आणि ते कोणालाही लागू आहे, फादर, सिस्टर, पास्टर, माझ्यासारखी शिक्षिका, कुणालाच सूट नाही. नाही कळवलं तर कलम २१ खाली शिक्षा, संस्थाप्रमुखाला १ वर्षापर्यंत. पण वस्तीत अजूनही बोललं जातं ते हेच की आधी फादरांना सांगू, मग बघू, उगाच चर्चचं नाव खराब नको. मला याचा फार त्रास होतो, कारण त्या "मग बघू" मधे एक मूल एकटं पडलेलं असतं.

कॅथलिक चर्चला आतूनही नियम आहे. मे २०१९ मधे पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मप्रांताला (एका बिशपच्या हाताखालचा भाग) सांगितलं की तक्रार करायला लोकांना सहज पोचता येईल अशी व्यवस्था वर्षभरात उभी करा. ती आपल्याकडे कागदावर आहे की साध्या आईला त्या व्यवस्थेचा फोन नंबर माहितीये, हे आढाव्यात दिसू द्या. आणि जे स्वतंत्र पास्टर भाड्याच्या हॉलमधे प्रार्थना घेतात त्यांच्यावर तर कुणी बिशपच नाही, तिथल्या मुलांचं काय, ते सोडून चालणार नाही.

आता अवघड गोष्ट. सध्या धर्मांतराच्या नावाने आमच्या लोकांवर जो संशय घेतला जातो त्यामुळे सरकारी पत्र आलं की लोक घाबरतात, फाइली तपासायला आले, प्रार्थना बंद पाडायला आले असंच वाटतं. त्यामुळे पोलीस गाडी पाठवून हा आढावा होणार नाही, झाला तरी खरं कुणी बोलणार नाही. मंदिर, मठ, मदरसा, चर्च सगळ्यांना एकच पत्र, एकच प्रश्न, आणि विषय फक्त मुलांची सुरक्षा, देणग्या आणि बाप्तिस्मे नाहीत, हे पहिल्याच पानावर लिहा.

आणि कृपा करून फक्त बिशप हाऊसच्या (बिशपच्या कार्यालयाच्या) लोकांना बोलावून फोटो काढून मोकळं होऊ नका. बिशप यायलाच हवेत, पण मुलांच्या आया, धर्मशिक्षण शिकवणाऱ्या बायका, बोर्डिंगच्या वॉर्डन, कॉलेजातली पोरं आणि ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाला ते, यांचं ऐका. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ रॉयल कमिशन, म्हणजे सरकारने नेमलेला चौकशी आयोग, बसलं होतं, चर्चसकट सगळ्या संस्थांची चौकशी, त्यात ८ हजारांहून जास्त लोकांनी बंद दाराआड, नाव गुप्त ठेवून आपलं सांगितलं. कित्येकजण आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. आपल्याकडेही तशी खोली लागेल, ऐकायला ट्रेनिंग घेतलेली बाई लागेल, आणि त्या खोलीत चर्चचा माणूस नको.

बैठक वसईत ठेवा, अहिल्यानगरला ठेवा, जिथे मराठी ख्रिस्ती माणूस आहे तिथे. पत्रक मराठीत असू द्या, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर त्यावर मोठ्या अक्षरात, म्हणजे मिस्सा संपल्यावर वेदीवरून ते वाचून दाखवता येईल. रविवारची सकाळ आणि नाताळचे दिवस मात्र टाळा, तेव्हा कुणी येणार नाही.

आपली,
वसईतली एक धर्मशिक्षिका