सुपारीच्या बेटावरून परतल्यावर

पुणे, नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी हाती पडले. ‘सात दिवस जातोस, तर त्यांतले दोन दिवस तरी नुसता बस’ असे तू त्यात लिहिले होतेस आणि मी ते नेहमीप्रमाणे हसण्यावारी नेले होते. परत येऊन आता आठवडा झाला आहे. पत्र लिहिण्यास मुद्दाम वेळ काढला, कारण सातांपैकी पाच दिवस आम्ही खरोखरच बसून काढले, आणि ते कोठे बसून काढले हे वेंगुर्ल्याच्या माणसाला कळलेच पाहिजे.

मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यालगत पिनांग नावाचे बेट आहे आणि जॉर्जटाउन हे त्यावरचे मुख्य शहर. मलय भाषेत पिनांग म्हणजे सुपारी, म्हणजे हे सरळसरळ सुपारीचे बेट झाले. तेथील राज्याच्या ध्वजावर मधोमध पोफळ उभी आहे. तो ध्वज प्रथम दिसला तेव्हा मी सौ.ला म्हणालो की, हे निशाण कोणीतरी आपल्या वेंगुर्ल्याच्या मित्राच्या परसात बसून काढलेले दिसते.

पहिले दोन दिवस मी माझ्या स्वभावाप्रमाणे वागलो. सकाळी आठला बाहेर पडून यादीतली ठिकाणे एकेक करून उरकली. फोर्ट कॉर्नवॉलिस पाहिला, चिनी खू घराण्याची नक्षीदार कोंगसी, म्हणजे कुळाची सामायिक वास्तू, पाहिली, भिंतींवरची चित्रे पाहिली आणि ८३३ मीटर उंचीच्या पिनांग हिलवर दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने जाऊन आलो. ही रेल्वे १९२३ सालची आहे. वर हवा बरी होती, पण माथेरान पाहिलेल्या माणसाने तिचे कौतुक किती करावे! किल्ल्याबाबत एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. ज्या कॉर्नवॉलिसचे नाव त्याला दिले आहे तो हाच, ज्याच्या सोबतीने १७९१-९२ च्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन टिपूविरुद्ध उभे होते. एवढ्या लांब, दुसऱ्याच समुद्रावर, हे ओळखीचे नाव भेटेल असे वाटले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पावसाने गाठले. तो आपल्या आषाढासारखा रेंगाळणारा पाऊस नव्हता. कोणीतरी घागर उपडी करावी तसा तो कोसळला. छत्र्या अर्थातच खोलीवर राहिल्या होत्या आणि यादीतली चार ठिकाणे बाकी होती, त्यामुळे मी मनातल्या मनात चरफडत होतो. आम्ही ज्या आडोशाला धावलो, त्याचेच वर्णन करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे असे समज. तेथील जुनी घरे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी, एकमेकांना चिकटून बांधलेली असतात, आणि प्रत्येक घराने वरचा मजला पुढे काढून त्याखाली साधारण पाच फूट रुंदीची वाट सोडलेली असते. तिला ‘काकी लीमा’ म्हणतात. काकी म्हणजे फूट आणि लीमा म्हणजे पाच. एका घराची वाट संपते तेथे शेजाऱ्याची सुरू होते. थोडक्यात, ती पडवीच आहे, फक्त एका घराची नसून सबंध आळीची.

त्या पडवीत वेताचे काम करणारे एक वृद्ध चिनी गृहस्थ खुर्चीची बैठक विणत बसले होते. आम्ही निथळत उभे आहोत असे पाहून त्यांनी पायानेच दोन स्टुले पुढे सरकवली आणि काम चालू ठेवले. ओला वेत बोटांत धरून खालून वर घ्यायचा, ताणायचा, भोकात लाकडी खुंटी ठोकायची आणि पुढच्या भोकाकडे वळायचे, एवढाच तो उद्योग. वेत वाळू लागला की ते बाजूच्या पत्र्याच्या डब्यातले पाणी त्यावर शिंपडत. दीड तासात आमच्यात चार शब्दांपलीकडे बोलणे झाले नाही. समोर फरशीवर कोणाच्या तरी स्कूटरखाली मांजर झोपले होते. पाऊस थांबल्यावर मी उठलो, तेव्हा सौ. म्हणाली, ‘अजून ती ओळ पूर्ण व्हायची आहे.’ यादीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पुढचे दिवस सारे सारख्याच घडणीचे होते. सकाळी ‘कोपीतियाम’ म्हणजे कॉफीच्या दुकानात संगमरवरी गोल टेबलाशी जाऊन बसायचे. तेथे कॉफीच्या बिया साखर आणि मार्गारीन घालून काळ्याकुट्ट भाजतात आणि कापडी पिशवीतून गाळतात. नुसते ‘कोपी’ म्हटले की डब्यातले आटवलेले गोड दूध घालून मिळते, ‘कोपी ओ’ म्हटले की दूध वगळले जाते पण साखर राहते, आणि साखरही नको असेल तर पुढे ‘कोसोंग’ म्हणावे लागते. हा शेवटचा शब्द शिकेपर्यंत माझ्या मधुमेहाची काळजी वाहणाऱ्या सौ.चा जीव टांगणीला लागला होता. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा कॉफी बशीत ओतून पीत. त्या दृश्याने मला एकदम घरी आल्यासारखे वाटले.

आता तुझ्या खास आवडीचा विषय. ‘आसाम लाक्सा’ नावाचा तेथील पदार्थ म्हणजे तांदळाच्या जाड शेवयांवर ओतलेले माशाचे आंबट-तिखट कालवण. तो मासा आपला बांगडाच, आणि आंबटपणासाठी चिंचेबरोबर घालतात त्या वाळलेल्या चकत्या कोकमाच्याच कुळातल्या एका फळाच्या. वर पुदिना, काकडी, अननस आणि कोळंबीची काळी, दाट चटणी. पहिला घास घेतल्यावर मला तुझ्या आईच्या हातचे बांगड्याचे तिखले आठवले, आणि दुसरा घास घेतल्यावर अननस त्यात कशाला घातला हे कळेना. चौथ्या दिवशी मात्र तो नसता तर चुकल्यासारखे वाटले असते. सौ. शाकाहारी असल्याने तिची भिस्त तमिळ खानावळींच्या केळीच्या पानावर होती. पण ‘चेंदोल’ तिनेही रोज खाल्ले. नारळाचा रस, ताडगूळ, हिरव्या मऊ शेवया आणि वर किसलेला बर्फ! तुमच्या शिरवाळ्यांत बर्फ घालण्याची कल्पना आजवर कोणाला कशी सुचली नाही?

एका संध्याकाळी जुन्या प्रोटेस्टंट दफनभूमीत जाऊन बसलो. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे बेट ताब्यात घेणारा फ्रान्सिस लाइट तेथे आहे. आठच वर्षांनी हिवतापाने तो गेला. ज्या केदाह राज्याच्या सुलतानाने संरक्षणाच्या आशेने बेट दिले, त्याला ते संरक्षण कंपनीने कधीच दिले नाही. ही रीत आपल्याकडच्या संस्थानिकांना नवी नव्हती. थडग्यांवर जुन्या चाफ्यांच्या फांद्या वाकल्या आहेत आणि फुले अक्षरांवर पडून तशीच राहतात. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघे तेथे होतो आणि छायाचित्र काढण्याचे कोणालाच सुचले नाही.

तुझ्यासाठी एक पुडा आणला आहे. पिनांगमध्ये जायफळ पिकते, हे तुला ठाऊक असेल. पण तेथे बी आणि जायपत्री काढून घेतल्यावर फळाचा गर साखरेत मुरवून, वाळवून विकतात, हे मी प्रथमच पाहिले. चव आधी तुरट, मग तिखट, मग बराच वेळ गोड अशी आहे. तुझ्या बागेतल्या जायफळांचा हाच गर तू दरवर्षी माडांच्या आळ्यांत टाकतोस. यंदा मी येईपर्यंत टाकू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना सहप्रवासी